लाकडाचा प्रतिमल्ल

अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणाऱ्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की बार्शीटाकळी लागते. तालुक्याचे गाव. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारी काळी जमीन, गावात काळ्या पाषाणाचे जुने हेमाडपंती देऊळ, आणि बाजारपेठेत काही पिढ्यांपूर्वी मारवाडातून येऊन स्थिरावलेल्या जैन कुटुंबांची दुकाने. या कुटुंबांची भाषा घरात मारवाडी, गल्ल्यावर वऱ्हाडी आणि शाळेत मराठी अशी तिपेडी असते. अशाच एका घरात गतवर्षी आषाढात एक प्रश्न उपस्थित झाला आणि पर्युषणापर्यंत त्याचा उलगडा झाला नाही.

घरातील अकरा वर्षांची मुलगी शिक्षणासाठी रोज अकोल्याला जाते. एके दुपारी शाळेच्या मैदानावर मल्लखांबाचे प्रात्यक्षिक झाले. तिच्याच वयाची एक मुलगी सुती दोर पायाच्या अंगठ्यात पकडून सरसर वर चढली, उलटी झाली, दोन्ही हात सोडून स्थिर राहिली आणि खाली पाहून हसली. संध्याकाळी दुकानात येताच नातीने मागणी केली.

“दादाजी, मला मल्लखांब शिकायचा आहे.”

दादाजींनी चष्मा काढून वहीवर ठेवला. “बेटा, मल्ल म्हणजे पैलवान. ती आखाड्याची विद्या. जैनाच्या घरात मारामारीचे काय काम?”

आतून दादींचा आवाज आला, “हात-पाय मोडला तर कोण निस्तरणार? आणि तो वर्ग सुटतो कितीला?”

“साडेसातला.”

“म्हणजे चौविहार गेलाच की!”

मुलीच्या वडिलांनी तडजोड सुचवली: हवे तर कराटे लावावे. तिचा चुलतभाऊ दोन वर्षे कराटेला जात होता, आणि कमरेला रंगीत पट्टा बांधलेले त्याचे छायाचित्र दुकानात दिनदर्शिकेशेजारी कौतुकाने लावलेले होते. वास्तविक कराटे म्हणजे समोरच्याला हाता-पायांनी प्रहार करण्याचेच शास्त्र. तरीही ते छायाचित्र लावताना अहिंसेचा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता. तो आला देशी खांबाच्या वेळी. परदेशी विद्या प्रमाणपत्र घेऊन येते म्हणून सभ्य ठरते आणि गावची विद्या लंगोट लावून येते म्हणून रांगडी ठरते, हा अनुभव व्यापारी घरांतून नवा नाही.

कराटे आणि तायक्वांदो यांच्या पाठोपाठ व्हिएतनामचा ‘व्होविनाम’ हा प्रकारही आता भारतात पोहोचला आहे. त्याचा उगम पाहण्याजोगा आहे. न्गुयेन लोक नावाच्या तरुणाने १९३८ मध्ये हनोई येथे त्याची स्थापना केली. देशावर तेव्हा फ्रेंचांचे राज्य होते. परक्या सत्तेखाली वाकलेल्या तरुणांचे शरीर आणि मन पुन्हा ताठ व्हावे, या हेतूने त्याने आपल्या देशातील जुनी कुस्ती व युद्धविद्या एकत्र केली, बाहेरचे उपयुक्त तेही घेतले आणि त्याची शिस्तबद्ध शिकवण आखली. हा विचार व्हिएतनामला सुचण्याच्या २४ वर्षे आधी, म्हणजे १९१४ मध्ये, बार्शीटाकळीपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंना सुचलेला होता. त्यांनी सुरू केलेल्या आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. कुस्ती, लाठी, लेझीम, मल्लखांब हे देशी प्रकार तेथे पद्धतशीर शिकवले जाऊ लागले आणि देशभरातून विद्यार्थी येऊ लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत जाऊन कबड्डी, मल्लखांब आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातील मुलांचे कसब बर्लिनने पाहिले. वऱ्हाडातील पुष्कळ दुकानदारांनी ते अद्याप पाहिलेले नाही.

मल्लखांब मुळात स्वतंत्र खेळ नव्हता. कुस्तीगिराच्या सरावाचे ते साधन होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामांचे वर्णन आहे. भार उचलणे, पोहणे यांबरोबर तेथे ‘स्तंभश्रम’, म्हणजे खांबावरचा व्यायामही सांगितला आहे. जोडीदार नेहमी मिळत नाही, मिळाला तरी थकतो, आणि चुकीच्या पकडीत जायबंदी होतो. लाकडाचा प्रतिमल्ल या तिन्ही अडचणींतून मुक्त असतो. म्हणून खांबाचे अवयवही माणसासारखेच कल्पिलेले आहेत. खालचा जाड भाग म्हणजे अंग, वर निमुळती होत गेलेली मान, आणि टोकाला वाटोळे बोंड. कापसाच्या प्रदेशात या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

मधल्या काळात ही विद्या मागे पडली. तिला नवे जीवन दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. परंपरागत कथा अशी की, निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पुण्यास आले आणि त्यांनी दरबारातील मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगी देवीकडे गेले. तेथे झाडांवर झेपावणाऱ्या वानरांची चपळाई पाहून त्यांना खांबावरील पकडी सुचल्या. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले, तेव्हा गुलाबने लढण्याचेच नाकारले. कथेतील देवीप्रसाद आणि वानरे यांविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. भाराने श्रेष्ठ असलेल्या माणसाला चपळाईने जिंकता येते, हा तिच्यातील व्यवहार मात्र खरा आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेकडे गेली. पुढे काशी आणि बडोदे ही तिची मोठी केंद्रे झाली. राज्य गेल्यावरही टिकली अशी पेशवाईतील जी थोडी संपत्ती आहे, तिच्यात या खांबाची गणना करावयास हरकत नाही.

आज मल्लखांबाचे तीन मुख्य प्रकार आहेत. जमिनीत पुरलेला, टांगता आणि दोराचा. पूर्वी दोराच्या जागी वेत असे. चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर सुती दोर आला. पुरलेला खांब साग किंवा शिसवीचा, जमिनीवर साधारण सव्वादोन मीटर उंच. त्याला एरंडेल लावतात, म्हणजे अंग घासून सोलवटत नाही. त्यावरील कृतींची नावेच सांगतात की ही विद्या मराठी घरात वाढली. अढी, तेढी, बगली, फिरकी, सुईदोरा, वेल, आणि ताजवा. ताजवा म्हणजे तराजू. शरीर खांबाच्या आधारावर आडवे तोलून धरणे, ना डोके खाली, ना पाय. तराजूच्या काट्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला यातील अवघडपणा लगेच कळावा.

आता दादाजींच्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मल्लविद्या आणि जैन आचार यांचा मेळ बसतो काय?

शास्त्रकारांनी हिंसेचे चार भेद सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून, मारण्याच्याच बुद्धीने केलेली ती संकल्पी. तिचा त्याग श्रावकाने केलाच पाहिजे. स्वयंपाकपाण्यात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी, आणि स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी प्रतिकार करताना घडणारी विरोधी. या तिन्हींपासून गृहस्थ पूर्णतः सुटू शकत नाही. त्याने त्या शक्य तितक्या कमी कराव्यात. म्हणजे अहिंसेचा उपदेश करताना गृहस्थाने दुबळे राहावे, असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही. श्रवणबेळगोळ येथील बाहुबलींची महामूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस ज्याने घडवून घेतली, तो चावुंडराय गंग राजांचा सेनापती होता. गुजरातचा मंत्री वस्तुपाल वणिक कुळातला. त्याने मंदिरेही बांधली आणि रणांगणही पाहिले.

त्याहून मागे गेले तर स्वतः भगवान ऋषभदेवांनी प्रजेला जी षट्कर्मे शिकवली, त्यांत पहिले असि आणि दुसरे मसि. तलवार आणि शाई. कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही नंतरची. व्यापारी समाजाने मसि आणि वाणिज्य यांची जोपासना इतक्या निष्ठेने केली की पहिले कर्म वहीच्या मुखपृष्ठावरूनही पुसले गेले.

आणि भरत-बाहुबलींचे युद्ध कोणत्या जैन बालकाने ऐकले नाही? दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, निरपराध सैनिकांचा संहार टळावा म्हणून भावाभावांनीच शस्त्राविना बळ अजमावावे असे ठरले. दिगंबर परंपरेत दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशी तीन युद्धे सांगितली आहेत. मल्लयुद्धात बाहुबलींनी भरताला वर उचलले, परंतु जमिनीवर आपटले नाही. श्वेतांबर परंपरेत बाहुबलींनी उगारलेली मूठ भावावर पडली नाही. त्याच मुठीने त्यांनी स्वतःचा केशलोच केला. दोन्ही परंपरांतील बाहुबली समर्थ आहेत, म्हणूनच त्यांच्या थांबण्याला अर्थ आहे. ज्याच्या हातात उचलण्याचे बळच नाही, त्याच्या न आपटण्याची कथा कोण सांगेल?

कर्मग्रंथांचा थोडा परिचय असलेल्यांना संहननाचा विषयही आठवेल. अस्थींच्या सांध्यांची जुळणी किती दृढ आहे, यावरून शरीराचे सहा प्रकार मानले आहेत आणि मोक्षगामी जीवाला त्यांतील सर्वोत्तम, वज्रऋषभनाराच संहनन आवश्यक म्हटले आहे. हे संहनन नामकर्माने मिळते, व्यायामशाळेत नव्हे, हे खरे. परंतु शरीराला केवळ तुच्छ मानणारी परंपरा हाडांच्या सांध्यांचा इतका बारकाईने विचार करती ना.

या सर्व विचारात मल्लखांबाचे स्थान तर अधिकच निर्दोष आहे. येथे समोर कोणी शत्रू नाही, कोणाला पाडायचे नाही, कोणाला वेदना द्यायची नाही. जे जिंकायचे ते स्वतःचे वजन आणि स्वतःची भीती. अर्थात याला धर्मकृत्याचा दर्जा देण्याचे कारण नाही. स्पर्धा आली की मानकषाय येतो, आणि पदकांची मोजदाद घरात सुरू झाली की तो मुलापेक्षा पालकांना अधिक चढतो.

लाभांविषयी बोलताना तोल राखणे आवश्यक आहे. उंची हमखास वाढते, स्मरणशक्ती दुप्पट होते, अशा जाहिराती सर्वच व्यायामप्रकारांच्या असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. जे प्रत्यक्ष घडते तेवढे पुरेसे आहे. खांबावर किंवा दोरावर शरीराचा संपूर्ण भार हात, खांदे, पाठ, पोट आणि मांड्या यांना वाटून उचलावा लागतो. म्हणून पकड घट्ट होते, पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट होतात, सांधे लवचिक राहतात आणि तोल सुधारतो. वाढत्या वयात हाडांवर असा भार पडणे त्यांच्या बळकटीला उपकारक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. दुकान, शिकवणी आणि मोबाइल यांच्यात वाटल्या गेलेल्या मुलांच्या दिवसात ही ६० मिनिटे कोठे आहेत, याचा ताळेबंद प्रत्येक घराने मांडून पाहावा. गादीवर बसून पन्नाशीतच पाठ धरलेल्या आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या वडीलधाऱ्यांची पाने त्याच वहीत आहेत.

भीतीचा लाभ मोजता येत नाही, पण शिकवणारे सर्व जण त्याविषयी सांगतात. पहिल्यांदा उलटे होताना मूल डोळे मिटते. काही महिन्यांनी तेच मूल उलट्या अवस्थेत शिक्षकांच्या सूचना ऐकून पाय बदलते. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही दोरावर चढवले. या कार्याची दखल घेऊन २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी २०१९ मध्ये मुंबईतच मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली होती. मध्य प्रदेशाने तर २०१३ मध्येच मल्लखांबाला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. ज्या महाराष्ट्रात त्याने पुनर्जन्म घेतला, तेथील पालकांनी हे लक्षात ठेवावे.

सावधगिरीच्या गोष्टी थोड्याच, पण टाळू नयेत अशा. जाणता शिक्षक आणि खाली जाड गादी नसेल तेथे मुलाला पाठवू नये. अंगठी, साखळी, बांगड्या काढून ठेवाव्यात. नखे कापलेली असावीत. भरल्या पोटी चढू नये. उपवास किंवा आयंबिलाच्या दिवशी विश्रांती घ्यावी. तपाची आणि कसरतीची एकाच दिवशी गाठ घालण्यात शहाणपण नाही. आणि अंड्यांवाचून बळ येत नाही, असे कोणी म्हणाल्यास दूध, तूप, बदाम आणि डाळींवर आयुष्य काढलेल्या शाकाहारी मल्लांची आठवण करून द्यावी.

बार्शीटाकळीच्या त्या घरातील प्रश्न यांपैकी कोणत्याही युक्तिवादाने सुटला नाही. पर्युषणात कुटुंब कल्पसूत्र ऐकण्यासाठी अकोल्याला गेले. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांचा प्रसंग झाला. स्वप्नांचे फळ विचारण्यासाठी स्वप्नपाठकांना बोलावण्यापूर्वी राजा सिद्धार्थ सकाळी काय करतो, याचे वर्णन सुरू झाले. राजा उठतो आणि प्रथम अट्टणशाळेत, म्हणजे व्यायामशाळेत जातो. तेथे उड्या मारतो, अंगे वाकवतो, मल्लयुद्ध करतो. थकल्यावर शतपाक, सहस्रपाक तेलांनी त्याचे मर्दन होते, मग स्नान, मग सभा.

दादाजी हे साठ वर्षे दरसाल ऐकत आले होते. बहुधा दर वर्षी याच ठिकाणी त्यांचे लक्ष स्वप्नांच्या बोलीकडे लागलेले असे. या वर्षी शेजारी बसलेल्या नातीने ‘मल्लयुद्ध’ शब्द कानी पडताच मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. बोलली मात्र काही नाही.

व्याख्यानानंतर त्यांनी महाराजसाहेबांना वंदन करून विचारले की, घरातील मुलीला असा व्यायाम शिकवावा काय. महाराजसाहेब म्हणाले, “सावद्य कामात साधू आज्ञा देत नाहीत, श्रावकजी. सूत्रात काय आहे ते मात्र तुम्ही ऐकलेच.”

संवत्सरीच्या खमतखामणा आटोपल्यावर पुढच्या आठवड्यात दादाजी स्वतः शाळेत गेले आणि क्रीडाशिक्षकांना भेटले. प्रथम त्यांनी गादीची जाडी हाताने दाबून पाहिली. मग दोर हाती घेऊन एक पेड उलगडला, सूत बोटांत चोळले आणि माल बरा असल्याचे सांगितले. वेळेचा प्रश्न शनिवार-रविवारच्या वर्गाने सुटला. तो सकाळी भरतो, म्हणजे नवकारसी पाळून, पाणी घेऊन जाता येते आणि संध्याकाळच्या चौविहारालाही बाधा येत नाही. शुल्कात मात्र त्यांनी घासाघीस केली नाही, याचे घरच्यांना नवल वाटले.

दादींची संमती मिळाली ती एका अटीवर. त्यांनी सामायिकाच्या पेटीतील मऊ पुंजणी नातीच्या पिशवीत ठेवली. आता मुलगी वर्गात गेली की आधी खांबापाशी उभी राहते आणि मुंगी, किडा काही असेल तर हलकेच बाजूला करून खांब बुडापासून वर पुंजते. पहिल्या दिवशी इतर मुली हसल्या. आता तिचे पुंजणे होईपर्यंत रांगेत थांबतात. मानेपर्यंत तिची पुंजणी जाते. बोंडापर्यंत अजून पोहोचत नाही, तेवढे सर पुसून देतात.